सुपातला तुकडा

"मुकं जेवायचं म्हणजे मुकं," मला पाटावर बसवता बसवता शरयूकाकूंनी बजावलं. "हूं नाही की चूं नाही. बोललीस तर सकाळची सगळी पूजा पाण्यात!"

मी मान डोलावली. लग्नानंतरची माझी ती पहिली मंगळागौर. हिरवीगार नऊवारी, नाकात टोचणारी नथ, पुढ्यात पुरणपोळी, आणि बोलायला बंदी. माझ्यासारख्या बडबड्या बाईला एरवीसुद्धा ही शिक्षाच झाली असती. त्या दिवशी तर माझ्या पोटात एक गोष्ट नुसती उड्या मारत होती.

झालं होतं असं, की आरतीला कापूर सापडेना म्हणून मी देवघरातला खण उघडला. कापराच्या डबीत कापूर नव्हताच. तीन पिवळ्या गोळ्या होत्या. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या. त्यांना दर मंगळवारी एक गोळी घ्यायची होती. म्हणजे गेले तीन मंगळवार त्यांनी ती माझ्यादेखत तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या, आणि नंतर गुपचूप काढून देवाजवळ ठेवली.

वर्षभरापूर्वी आईंना आमवात निघाला होता. सकाळी उठल्यावर तासभर त्यांची मूठ वळायची नाही. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, गोळी आठवड्याला एकच, पण चुकवायची नाही. चुकवत राहिलात तर बोटं वाकडी होतील, आणि एकदा झाली की ब्रह्मदेव आला तरी ती सरळ करू शकणार नाही. आणि आईंची बोटं म्हणजे काय साधीसुधी बोटं! सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेत मंगळागौरीचे खेळ करणारं 'जास्वंदी' मंडळ होतं, त्याच्या त्या प्रमुख. फुगडीत त्यांनी एकदा हात धरले की समोरची बाई निम्मी हवेतच असायची. त्यांचे ते हात वाचवायचे होते, आणि मी बसले होते तोंडाला कुलूप लावून.

त्या दिवशी वाढायचं काम पुरुषांकडे होतं. निनाद, माझा नवरा, तुपाची लोटी घेऊन आला. मी डोळे मोठे केले. आईंकडे बोट दाखवलं. तीन बोटं नाचवली. मग तोंडात गोळी टाकल्याचा अभिनय केला आणि जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"कळलं, कळलं," निनाद म्हणाला आणि आत गेला. परत आला तो तीन पुरणपोळ्या घेऊन. माझ्या पानात वाढून वर कौतुकाने म्हणाला, "लाजतेस काय, मागायचं की!"

पंगतीत खसखस पिकली. मी बोटं वाकडी करून दाखवली, तर त्याने आणखी वाकड्या चकल्या आणल्या. चार पोळ्या आणि पाच चकल्या खाऊन मी पाटावरून उठले तेव्हा मला धड वाकताही येत नव्हतं.

हात धुतले, विडा तोंडात टाकला आणि थेट स्वयंपाकघरात आईंना गाठलं. डबी त्यांच्यासमोर धरली.

"आई, हे काय?"

"गोळ्या," आई शांतपणे म्हणाल्या. "देवापुढे ठेवल्यात. त्यालाच होऊ दे काय तो गुण."

"अहो पण तीन आठवडे! डॉक्टर काय म्हणाले होते आठवतंय ना? बोटं..."

"हे बघ, माझ्यावर प्रयोग नकोत. तुझ्याकडे उंदीर आहेत ना पिंजराभर? त्यांच्यावर कर."

मी तेव्हा मिरजेच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. आपल्याच शरीरातल्या पेशी आपल्याच शरीरावर का उलटतात, हा माझा विषय. त्यासाठी उंदीर पाळलेले होते, आणि त्या उंदरांवरून माझी सासरी येता जाता थट्टा होत असे. पण ती सगळी गमतीची. हे वेगळं होतं. तीन आठवडे झाले, आईंनी मला नावाने हाक मारली नव्हती. 'हिला सांगा', 'ती आली का', इतपतच. मी काय घोडं मारलं होतं ते मला कळत नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

"आई, माझं काही चुकलंय का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलणार असं वाटलं. त्यांचा हात कमरेच्या बटव्याकडे गेला, तेवढ्यात बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला आणि शरयूकाकू दारात उभ्या राहिल्या.

"कमल, चल! सगळ्या जमल्यात. तुम्हां सासू-सुनांचं नंतर होऊ दे."

पूर्वी म्हणे मंगळागौर रात्रभर जागवायचे. आमच्याकडे दुपारी तीन ते सहा असा शिस्तीचा मामला होता. सासरे आणि निनाद यांची गच्चीवर रवानगी झाली. हॉलमधले सोफे भिंतीला लागले. मंडळाच्या बारा बायका कमरा कसून उभ्या राहिल्या, सगळ्यांच्या अंगावर एकाच ठाणातून घेतलेल्या जांभळ्या नऊवारी, पिवळे काठ. आईंचीही तीच.

झिम्मा झाला, पिंगा झाला, लाटण्याची फुगडी झाली. मंदाताई नावाच्या एक धिप्पाड बाई होत्या, आधी शाळेत खो-खो शिकवायच्या. त्या कोंबडा घालायला लागल्या की खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर येऊन वर बघायचे. सगळा हॉल घामाने आणि हसण्याने भरून गेला होता. आई मात्र खुर्चीवर बसून होत्या. पदराखाली हात झाकलेले. "पाय मुरगळलाय माझा," असं त्या प्रत्येकीला सांगत होत्या. वीस वर्षांत त्या पहिल्यांदा बसून मंगळागौर बघत होत्या, आणि पायाचं निमित्त कुणालाही खरं वाटत नव्हतं.

"आता सासू-सुनेच्या भांडणाचा खेळ!" कुणीतरी ओरडलं. "खऱ्याच सासू-सुना करतील!"

"नको," आई म्हणाल्या. "ते रोजचंच आहे."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते मला लागलं.

"मग हिच्या माहेरचा खेळ होऊ दे," शरयूकाकू म्हणाल्या. शरयूकाकू म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या, कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या बाई, आईंची बालमैत्रीण. गल्लीत कुठे काही घडलं तर पहिली खबर त्यांच्याकडे, आणि त्यांच्याकडून आईंकडे. "नवी नवरी आहे. नवा खेळ दाखवलाच पाहिजे!"

माझं माहेर मुंबईचं, आईवडील दोघं बँकेत. आमच्याकडे खेळ म्हणजे पत्त्यांचा. पण पोटातल्या चार पुरणपोळ्यांनी म्हणा किंवा आईंच्या त्या झाकलेल्या हातांनी म्हणा, मला भलताच जोर आला.

"दाखवते," मी म्हणाले. "आमच्या प्रयोगशाळेतला खेळ."

"अगंबाई! उंदरांचा?"

"नाही. आपल्या अंगात चालतो तो. मंदाताई, तुम्ही आणि मंडळाच्या बाकी सगळ्या, तुम्ही शिपाई. पांढऱ्या पेशी. प्रत्येकीने एक उशी घ्या. हे तुमचं शस्त्र."

उशांवर झडप पडली. एकीला उशी मिळाली नाही, तिने लोड उचलला.

"पण शिपायांना एक अट आहे. तुम्हाला तोंडं ओळखता येत नाहीत. कोण आपली, कोण परकी, तुम्हाला काही कळत नाही. तुम्हाला कळतो फक्त तुकडा."

"कसला तुकडा?"

मी नाचवायला आणलेलं सूप उचललं आणि शरयूकाकूंच्या हातात दिलं. "या काकू पहारेकरीण. ही पेशी गल्लोगल्ली हिंडत असते. जे दिसेल ते गिळते, आत त्याचे तुकडे करते, आणि एकेक तुकडा सुपात ठेवून शिपायांना दाखवायला नेते. शिपाई तो तुकडा बघतात. पण नुसता तुकडा दिसून ते उठत नाहीत. पहारेकरणीने बरोबर बोंबही मारायला पाहिजे. तुकडा अधिक बोंब, की मग हल्ला!"

"हिला बरोब्बर काम दिलंस," मंदाताई म्हणाल्या, आणि हॉल पुन्हा फुटला. शरयूकाकूही हसल्या. त्यांना आपली ख्याती माहीत होती.

"मी जंतू," मी म्हणाले. "बाहेरून घरात शिरलेली. माझी साडी हिरवी, म्हणून हा हिरवा तुकडा." माझ्या चोळीच्या उरलेल्या खणातून एक चिंधी कापून मी ती काकूंच्या ताब्यात दिली. "काकू हा तुकडा सुपातून दाखवतील, ओरडतील, आणि तुम्ही सगळ्या हिरव्या रंगावर, म्हणजे माझ्यावर, तुटून पडा."

"आणि मी?" आई म्हणाल्या. त्यांनी विचारलं याचंच मला इतकं बरं वाटलं की माझा आवाज चिरकला.

"तुम्ही सांधा. बोटाचा. तुम्ही मधोमध नुसत्या बसून राहा. तुम्ही कुणाचं काहीच वाकडं करत नाही."

खेळाचा बेत असा होता. जंतू मरतो, शिपाई टाळ्या पिटतात, आणि मग मी हळूच सांगणार होते की कधी कधी सुपात आपल्याच अंगाचा तुकडा येतो तेव्हा काय होतं. मनात मी भाषणसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पुढे जे झालं त्यात माझी अक्कल शून्य.

"एक, दोन, साडेमाडे तीन!" मी आरोळी दिली आणि हॉलभर नाचत सुटले. "आले गं, घशात शिरले! आता ताप आणते!"

शरयूकाकू सूप घ्यायला वळल्या. चिंधी सुपात टाकून ते त्यांनी गौरीच्या चौरंगापाशी टेकवलं होतं. चौरंगावर सकाळी वाहिलेल्या सोळा प्रकारच्या पत्रीचा ढीग, तो गडबडीत कुणाच्या तरी पदराने ओढला जाऊन निम्मा सुपात सांडलेला. आघाडा, दूर्वा, बेल, तुळस, माका, सगळं हिरवं. आणि त्यात एक हिरवी चिंधी.

काकूंनी पत्री उपसली. चिंधी नाही. आणखी उपसली. इकडे शिपाई उशा परजून "तुकडा! तुकडा!" असं ओरडत होते. काकूंचा चष्मा घामाने धुरकटलेला. बाजूला लाटण्यांची जुडी होती, ती एका पट्टीने बांधलेली. काकूंनी ती पट्टी ओढून काढली, सुपात टाकली, सूप डोक्यावर धरलं आणि आयुष्यभर वर्ग गप्प केलेल्या आवाजात बोंब ठोकली, "धावा गं धावा! हाणा हिला!"

ती पट्टी होती जांभळी. मंडळाच्या साड्यांवरची पोलकी शिवून उरलेल्या कापडाची.

क्षणभर मंदाताईंनी सुपाकडे पाहिलं. मग शेजारणीच्या साडीकडे. मग धाडकन तिच्या पाठीत उशी घातली.

"अगं, मी!" शेजारीण किंचाळली.

"तोंड बघायचं नाही असं ठरलंय!" मंदाताई म्हणाल्या आणि दुसरी घातली.

त्यानंतर जे माजलं त्याला नाव नाही. बारा जांभळ्या बायका एकमेकींवर तुटून पडल्या. नथी सुटल्या, अंबाडे सुटले. एका उशीची शिवण उसवली आणि हॉलभर सावरीचा कापूस उडायला लागला. लोडवाली बाई स्वतःच्याच साडीचा रंग बघून गोंधळली आणि स्वतःच्याच मांडीवर लोड आपटायला लागली. मी, खरा जंतू, हिरवीगार, मधोमध उभी, आणि मला कुणी बोटसुद्धा लावत नव्हतं. वरून सासऱ्यांचा आवाज आला, "काय कोसळलं?" आणि कुणीही उत्तर दिलं नाही.

मग सगळ्यांत सोपी जांभळी त्यांना दिसली. ती पळतच नव्हती. हॉलच्या मध्यभागी खुर्चीवर आई बसलेल्या.

"अगं मी कमल!" आई ओरडल्या. "वीस वर्षं तुमच्याबरोबर फुगड्या घातल्या मेल्यांनो!"

धप्प. धप्प. उशा मऊ होत्या, लागत काहीच नव्हतं. आई हसत होत्या, ओरडत होत्या, पण दोन्ही हात त्यांनी छातीशी घट्ट धरलेले, लेकराला पावसातून नेताना धरावं तसे. ते मी पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं.

"थांबा!" मी ओरडले. कोण ऐकतंय! उलट माझ्या ओरडण्याने त्यांना आणखीच चेव आला. शेवटी मी काकूंच्या हातातलं सूप हिसकावलं आणि जमिनीवर पालथं घातलं. मग हळू आवाजात म्हणाले, "झालं. काही नाही. खाली ठेवा उशा."

तुकडा दिसेना, बोंब ऐकू येईना. एकेक उशी खाली आली. सगळ्या धापा टाकत जमिनीवर बसल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग पाच मिनिटं कुणाला काही बोलताच येईना. शरयूकाकू तर भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या. "माझ्या हातून चुकीचा तुकडा गेला गं," इतकंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

सगळ्यांत आधी आई थांबल्या. केसांतला कापूस काढायचा प्रयत्न करत होत्या, पण तो त्यांना चिमटीत धरता येत नव्हता.

"हे असं," त्यांनी हात पुढे करून स्वतःच्या सुजलेल्या पेऱ्यांकडे पाहिलं, "हे असं आत चाललंय माझ्या?"

"हो," मी म्हणाले. "अगदी असंच."

"पण मी काय केलं होतं?"

ठरवलेलं भाषण मी केव्हाच विसरले होते. मी त्यांच्या पायाशी बसले.

"काहीच नाही, आई. सांध्याचं काही चुकलेलं नसतं. शिपायांचंही नाही, ते सांगितलं तसं वागतात. आपल्याच अंगातला एखादा तुकडा, थोडा बदललेला, परक्यासारखा दिसणारा, सुपात जातो. काही घराण्यांची सुपंच अशी विणलेली असतात की तसला तुकडा त्यांत नेमका बसतो. त्याच वेळी अंगात कसली तरी गडबड असली, बोंब उठली, की झालं. आणि एकदा शिपायांनी तो तुकडा मनात धरला की ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत."

"आणि ती गोळी?"

"ती उशा काढून घेते. सगळ्यांच्या नाही. जास्त चेकाळलेत त्यांच्या. म्हणून तर आठवड्याला एकच, म्हणून तर दर महिन्याला रक्त तपासायला नेते मी तुम्हाला. खरा जंतू आला तर त्याला हाणायला चार मंदाताई शिल्लक राहायला हव्यात ना."

मंदाताईंनी बसल्या बसल्या सलाम ठोकला.

आईंनी कमरेचा बटवा सोडायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा माझ्यापुढे केला. आत सुपारीच्या तुकड्यांबरोबर एक घडी घातलेला कागद होता, दोन बोटं रुंदीचा. इंग्रजी छपाई. एका शब्दाखाली लाल पेन्सिलीने दोनदा रेघ मारलेली. कॅन्सर.

मी तो ओळखला. गोळ्यांच्या खोक्यात असतो त्या माहितीपत्रकाचा तो कापलेला तुकडा होता.

"मला इंग्रजी येत नाही," आई म्हणाल्या. "पण एवढं अक्षर येतं. मला वाटलं, तुला काहीतरी ठाऊक आहे आणि तू माझ्यापासून लपवते आहेस. नाहीतर मग..." त्या थांबल्या. "नाहीतर मग, माझ्यावर बघते आहेस काहीतरी करून. काय काय आलं गं मनात! तीन आठवडे तुझ्या हातचा चहा मी मोरीत ओतलाय."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला हसूच आलं. मोरीतला चहा मला दिसायचा, तो वाईट होतो म्हणून असेल असं वाटून मी दोन आठवडे त्यात आलं वाढवत होते.

"कुणी दिला हा तुकडा?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. त्या बायकांत लाल पेन्सिल एकाच पर्समध्ये असायची.

शरयूकाकूंचं हसू कधीच मावळलं होतं. त्यांनी चष्मा काढला. "माझ्या धाकट्या बहिणीला कॅन्सरमध्ये हीच गोळी होती," त्या म्हणाल्या. "पोरगी सहा महिन्यांत गेली. कमलच्या टेबलावर ते नाव दिसलं. खोक्यातला कागद काढला, तो शब्द दिसला, कात्रीने कापला आणि धावत हिच्याकडे आले. पुढचं वाचलंच नाही. मुलींना आयुष्यभर शिकवलं, सगळा उतारा वाचा आणि मग उत्तर लिहा..."

मी आत जाऊन खोकं आणलं. त्यात उरलेला कागद होता, मधे चौकोनी भोक पडलेला. तो मी काकूंच्या हातात दिला. "वाचा, काकू. सगळं. मराठीत."

काकूंनी चष्मा पुसला आणि वर्गात वाचत तसं वाचलं. मोठ्या मात्रेत हे औषध त्या आजारावर देतात. आणि भोकाच्या बरोब्बर खाली, दोनच ओळींनंतर, छोट्या मात्रेत, आठवड्यातून एकदा, सांध्यांच्या आमवातावर. मला हे सगळं पहिल्याच दिवशी आईंना सांगता आलं असतं. त्या घाबरतील म्हणून मी सांगितलं नव्हतं. काकूंच्या कात्रीआधी मीच तो शब्द कापून ठेवला होता, हे कबूल करायला मला पुढे बरेच दिवस लागले.

तेवढ्यात वरून निनादने हाक मारली, "चहा मिळेल का?" आणि बाराही जणी एकदम ओरडल्या, "नाही!"

आई उठल्या. पालथं पडलेलं सूप त्यांनी दोन्ही मनगटांत धरून उचललं. त्यात तो कापलेला तुकडा ठेवला, तो भोकाचा कागद ठेवला, आणि वर खोक्यातली एक नवी गोळी. मग त्या एकेकीपुढे गेल्या, वाण द्यायला जावं तशा, सावकाश.

"नीट बघ," त्या प्रत्येकीला म्हणत होत्या. "ओरडायचं नाही. ही आपली आहे."

मी उभी होते ती खिळून राहिले. प्रयोगशाळेत आम्ही वर्षभर जे सिद्ध करायला धडपडत होतो ते हेच होतं. तोच तुकडा बोंब न मारता, शांतपणे दाखवला तर शिपाई त्याला आपला मानायला शिकतात. आईंना हे कुणी सांगितलं होतं? मी तर नाही. आजवर हा विषय मी कितीतरी वर्गांना शिकवलाय, फळ्यावर त्या पेशींची चित्रं काढलीत, पण त्या दुपारइतका तो मला कधी नीट दाखवता आलेला नाही.

शेवटी त्या शरयूकाकूंपुढे थांबल्या. काकूंनी गोळीकडे पाहिलं, मान डोलावली आणि आईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. "पाणी आण गं कुणीतरी," आई म्हणाल्या.

"आई, एकच हं!" मी घाईघाईने म्हणाले. "मागच्या तीन भरून काढायच्या नाहीत!"

"कळतं मला. पण त्याआधी नाव घेते."

बायका सरसावून बसल्या. सासऱ्यांचं नाव आईंनी हजारदा घेतलं होतं, त्यांचे उखाणे मंडळात पाठ होते. आईंनी घसा साफ केला. सूप कमरेला टेकवलं, आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या,

"तुकडा बघून रुसले, सगळं वाचून हसले,
ऋजुताचं नाव घेते, औषध घ्यायला बसले!"

सुनेचं नाव उखाण्यात? मंदाताईंच्या तोंडाचा आ झाला. मग अशी काही शिट्टी त्यांनी घातली की वरून सासरे आणि निनाद, बंदी विसरून, धडधडत खाली आले आणि कापसात माखलेल्या बारा बायका बघून दारातच थबकले.

माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. त्या दिवसात दुसऱ्यांदा मी मुकी झाले होते, आणि या वेळी कुणी बंदी घातली नव्हती.

आईंनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायल्या, आणि लहान मुलीने दाखवावं तसं तोंड उघडून मला दाखवलं. रिकामं होतं. मग दोन्ही हात, सुजलेले, गरम, माझ्यापुढे धरले.

"चल, ऋजुता," त्या म्हणाल्या. "एक फुगडी. हळू धर हं, आपलेच आहेत."